सातबाऱ्यावर न दिसणारा खडक

नाशिक जिल्ह्यात दर उन्हाळ्यात पाण्याचे टँकर दोन विरुद्ध दिशांना धावतात. एक वाट पूर्वेकडे सिन्नर, येवला, नांदगावकडे जाते. तिथे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि टंचाईचे कारण शोधायला कोणाला फार लांब जावे लागत नाही. दुसरी वाट पश्चिमेला घाटाकडे वळते आणि इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतल्या पाड्यांवर पोहोचते. इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. जुलैमध्ये या भागातली भातखाचरे तुडुंब असतात, कड्याकड्यावरून पाणी कोसळत असते, आणि फेब्रुवारी सरता सरता त्याच पाड्यांवरच्या बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रात झिरे उकरून वाटीवाटीने हंडे भरताना दिसतात. पाऊस सहापट आणि टंचाई मात्र दोन्हीकडे, हे कोडे पर्जन्यमापकाच्या आकड्यांनी सुटत नाही. त्यासाठी पायाखालचा खडक समजून घ्यावा लागतो.

पाण्याविषयीची आपली सगळी सार्वजनिक चर्चा पाऊस, धरण आणि योजना यांभोवती फिरते. ज्या खडकात आपल्या विहिरींचे पाणी राहते त्यात मावते किती, तो खडक कोणाचा, आणि त्यातून कोणी किती काढावे, हे प्रश्न ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत किंवा निवडणुकीच्या सभेत कधी विचारले गेल्याचे मी ऐकलेले नाही. ते विचारले जात नाहीत तोवर नाशिकच्या भूजलाचा प्रश्न सुटणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे खडकापासूनच मांडावी लागतील.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला, निवला, आणि त्यावर पुढचा थर येऊन बसला. दख्खनचा हा बसाल्ट आज महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी, सप्तशृंग आणि चांदवडच्या रांगेतले पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर म्हणजे याच थरांचे उघडे पडलेले काप होत. प्रत्येक थराची घडण साधारणपणे सारखी असते. वरच्या भागात लाव्ह्यातून निसटणाऱ्या वायूंच्या पोकळ्या राहून गेलेल्या असतात, त्यामुळे तो भाग सच्छिद्र असतो, लवकर कुजतो आणि त्याचा मुरूम होतो. खालचा भाग सावकाश निवलेला, घट्ट आणि काळा. निवताना आकसून त्याला ज्या भेगा पडल्या तेवढीच त्यात पाण्याला वाट. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी गेरूचा तांबडा पट्टा लागतो. पुढचा लाव्हा येण्याआधी मागच्या थराचा पृष्ठभाग कुजून माती झालेला होता, ती माती नव्या लाव्ह्याच्या धगीने भाजली आणि दोन थरांमध्ये दबून राहिली. ती चिकण असल्यामुळे पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. मुरूम, मांजऱ्या (पोकळ्यांचा खडक), काळा कातळ, गेरू हे शब्द आपल्याकडच्या विहीर खोदणाऱ्यांनी भूशास्त्राच्या पुस्तकांची वाट न पाहता घडवलेले आहेत, आणि कोणत्या थरात पाणी लागेल, कोणत्या थरात नुसती सुरुंगाची दारू खर्च होईल, हे त्या शब्दांतच सांगितलेले आहे.

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांवर जाणाऱ्या प्रत्येकाने तिथली पाण्याची टाकी पाहिलेली असतात. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याच्या शिलालेखात त्रिरश्मी पर्वतावर, म्हणजे याच डोंगरावर, लेणे कोरविल्याची आणि त्याबरोबर पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, कोरविल्याची नोंद आहे. त्या कारागिरांनी टाकी घट्ट काळ्या खडकात खोदली, कारण तो खडक पाणी झिरपू देत नाही. पावसात भरलेले पाणी त्यात महिनोन्‌महिने राहते. मात्र ज्या गुणामुळे पोढीत पाणी टिकते त्याच गुणामुळे तसल्या खडकात खोदलेली विहीर कोरडी जाते. पाणी साठवायला हवा असलेला खडक आणि पाणी मिळवायला हवा असलेला खडक यांतला हा भेद त्या लेणीकारांना नक्की ठाऊक होता. आपल्या अनेक योजनांच्या आराखड्यात तो दिसत नाही.

पोकळ्यांचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या दगडखाणींतून निघालेले झिओलाइट नावाच्या खनिजांचे आणि त्यांच्यासोबतचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते कोणालाही पाहता येतात. हे स्फटिक खडकातल्या वायूच्या पोकळ्यांत वाढले. खडकातून फिरणाऱ्या खनिजयुक्त पाण्याने लाखो वर्षांत त्या पोकळ्या भरून टाकल्या. म्हणजे ज्या खडकात स्फटिक भरगच्च आहेत त्यात पाण्याला राहायला जागा कमी, जोवर तो खडक पुन्हा कुजून, भेगाळून मोकळा होत नाही. खडक सच्छिद्र दिसला म्हणजे त्यात पाणी असेलच, असा हिशेब करणारे इथेच फसतात. त्यातच बागलाण, मालेगावपासून धुळ्याकडे जमिनीखाली उभ्या भिंतींसारखे दगडी पट्टे आहेत, ज्यांना डाइक म्हणतात. ते कुठे पाणी अडवतात तर कुठे स्वतःच भेगाळून पाण्याची वाट होतात. एकाच्या विहिरीला बारमाही पाणी आणि बांधापलीकडच्या विहिरीला खडखडाट, याची कारणे अशी असतात. नारळ किंवा उंबराची फांदी हातात घेऊन चालणाऱ्या पाणाड्याला आपल्याकडे जो मान मिळतो तो याच बेभरवशामुळे मिळतो, आणि गावाला खडकाची माहिती कोणी दिलेलीच नसेल तर त्यासाठी शेतकऱ्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही.

आता मुख्य हिशेबाकडे येतो. देशभर भूजलाचे मूल्यमापन करताना बसाल्टातून उपसता येणाऱ्या पाण्याचे प्रमाण खडकाच्या घनफळाच्या १ ते ३ टक्के, सर्वसाधारणपणे २ टक्के, धरले जाते. नदीकाठच्या वाळूच्या गाळात हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे आपल्या विहिरीची पाणीपातळी तीन मीटरने वाढली तेव्हा एक हेक्टर जमिनीखाली जमा झालेले पाणी १०,००० चौरस मीटर गुणिले तीन मीटर गुणिले २ टक्के, अर्थात ६०० घनमीटर, किंवा सहा लाख लिटर होते. पावसाच्या भाषेत सांगायचे तर हे अवघे ६० मिलिमीटर पाणी झाले. सिन्नरच्या ५०० मिलिमीटर पावसाच्या तुलनेत ते आठवा हिस्सा भरते; इगतपुरीच्या ३,००० मिलिमीटरपुढे मात्र पन्नासावा हिस्सा.

इगतपुरी-त्र्यंबकचे कोडे इथे उलगडते. तिथे मातीचा थर पातळ, उतार तीव्र आणि कुजलेला मुरूम थोडा आहे. पावसाळ्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच खडक भरून जातो, आणि त्यानंतर पडणारा बाकीचा सगळा पाऊस, कितीही पडला तरी, दारणा, वैतरणा, गोदावरीतून वाहून जातो. भरलेल्या भांड्यात पाणी ओतत राहण्यासारखे ते आहे. शिवाय भांड्याला कडेने गळतीही आहे: गेरूवर अडलेले पाणी आडवे सरकत जाते, डोंगराच्या उतारावर तो पट्टा जिथे उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर पडते, आणि पाऊस थांबल्यावर तीनचार महिन्यांत डोंगर रिकामा होतो. अशा ठिकाणी आणखी एक विहीर किंवा आणखी एक बोअर मंजूर करून काय साधणार? तिथे कामाचे आहे ते झऱ्याचे उगमस्थान, त्याच्या माथ्यावरचे झरपणीचे क्षेत्र आणि तिथले जंगल राखणे, आणि झऱ्याचे वाहते पाणी बांधीव टाकीत धरून पाड्याच्या पिण्यासाठी बाजूला ठेवणे. पश्चिमेकडे ज्या पद्धतीची कामे हवीत ती पूर्वेकडे चालणार नाहीत, आणि पूर्वेकडची पश्चिमेकडे चालणार नाहीत. तरीही वर्षानुवर्षे साऱ्या जिल्ह्याला एकच नमुना आराखडा लावला जातो. नाला खोलीकरणाचेही तेच झाले: मुरूम खोदून काढला तर पाणी धरणारा थरच आपण कमी करतो, आणि खाली काळा कातळ उघडा पडला तर तिथे साठलेले पाणी जमिनीत न मुरता उन्हात आटते. हे काम जिथे केवळ साचलेला गाळ काढण्यापुरते राहिले तिथे त्याचा उपयोग होतो, हे मान्य करायला हवे.

पूर्वेकडचा प्रश्न वेगळा आहे. तिथे खडकाला आणखी पाणी घेता येईल, पण पाऊस तितका नाही आणि उपसा मोठा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअरची यंत्रे गावोगाव पोहोचली, तेव्हा उद्देश पिण्याच्या पाण्याचा होता, आणि हातपंपाने लाखो घरांची तहान भागवली. त्यानंतर तेच यंत्र शेतात आले. उघड्या विहिरीचे पाणी मुरमातले, दरवर्षी पावसाने भरणारे असते. खोल बोअर गेरूचे पट्टे भेदून खालच्या थरांत उतरते. त्या बंदिस्त थरांतले पाणी दाबाखाली असल्यामुळे पहिल्या दिवशी ते जोरात उसळते, आणि शेतकऱ्याला वाटते की खाली मोठा साठा लागला. प्रत्यक्षात दाब उतरला की तो जोर ओसरतो, कारण तिथला साठा थोडा असतो आणि तो भरायला पाणी दुरून, सावकाश यावे लागते. याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. बोअरने गेरूला जे भोक पाडले त्यातून वरच्या थरातले पाणी खाली गळू लागते, आणि शेजारच्याची मुरमातली, पिढ्यान्‌पिढ्या पाणी देणारी विहीर लवकर आटते. शेजाऱ्याला ते कळत नाही. तो आपल्या विहिरीत आडवे बोअर मारतो, तेही पुरेनासे झाले की उभे बोअर घेतो. दोघांचेही कर्ज वाढते आणि खडकातले पाणी मात्र तेवढेच राहते.

द्राक्षाच्या पट्ट्यात यात शेततळ्यांची भर पडली. इथे मला सावधपणे बोलायचे आहे, कारण निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराची अडचण खरी आहे. द्राक्षवेल वर्षाच्या पिकासारखी नाही. ती बारा महिने जगवावी लागते, आणि एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर पुढच्या हंगामाची काडी तयार होत असताना, नेमक्या कडक उन्हाळ्यात, तिला पाणी तोडता येत नाही. त्याच वेळी विहिरी तळाला गेलेल्या असतात. एकरी लाखो रुपये गुंतवलेल्या माणसाने उन्हाळ्यासाठी पाणी राखून ठेवले तर त्यात गैर काहीच नाही. २०१६ मध्ये राज्याने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली तेव्हाचा हेतूही पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्याचा होता. पण प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले पुष्कळसे शेततळे पावसाने भरत नाही. ते हिवाळ्यात विहिरीतून आणि बोअरमधून भरले जाते. त्या योजनेतल्या ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात दोन हजार घनमीटरच्या आसपास पाणी मावते. वरचा हिशेब लावला तर ते सव्वातीन हेक्टरांखालच्या खडकातले तीन मीटर पातळीचे सगळे पाणी होते. आठ एकरांच्या पोटातले पाणी, ज्यात तीनचार शेजाऱ्यांच्या विहिरींचाही वाटा होता, ते एका कुंपणाच्या आत आले. खडकात ते सावलीत होते. तळ्यात ते उन्हाखाली आले, आणि खाली अस्तर असल्यामुळे त्यातला थेंबही परत जमिनीत जाणार नाही. एका शेतकऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचा असलेला हा निर्णय शेकडो शेतकऱ्यांनी घेतला की गावाच्या दृष्टीने आपत्ती ठरतो. म्हणून अनुदान देताना पावसाच्या वाहत्या पाण्याने भरणारे तळे आणि उपशावर भरणारे तळे यांत सरकारने भेद केलाच पाहिजे. दुसऱ्या प्रकाराला सार्वजनिक पैसा देणे म्हणजे सामाईक साठ्याची वाटणी आधी पोहोचणाऱ्याच्या बाजूने करणे आहे.

यावर आक्षेप ठरलेला आहे: विहीर माझी, जमीन माझी, मग पाणी माझे का नाही? कायद्याने हा समज शंभराहून अधिक वर्षे जोपासला आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात जमीनमालकाला आपल्या हद्दीत, जमिनीखालचे, ठरावीक प्रवाहमार्गातून न वाहणारे पाणी गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क मानलेला आहे. ज्या काळात मोटेने पाणी काढले जात होते त्या काळात या हक्काने कोणाचे फारसे बिघडत नव्हते, कारण बैलजोडीच्या ताकदीनेच उपशाला मर्यादा घातलेली होती. विजेच्या पंपाने ती मर्यादा गेली, पण हक्काची कल्पना तशीच राहिली. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते; ती विहीर ज्या जलधरातून, म्हणजे पाणी धरणाऱ्या खडकाच्या थरातून, पाणी घेते तो जलधर किती गटांखाली पसरलेला आहे, याची नोंद कुठेच होत नाही. पाणी बांध ओळखत नाही, ते उताराने आणि भेगांतून चालते, ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. कायद्याच्या आणि महसुली दप्तराच्या लेखी मात्र ती अजून उतरलेली नाही.

अगदीच काही झाले नाही असे नाही. १९९३ च्या राज्य कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आणले. त्यानंतरचा महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ हा जून २०१४ पासून लागू झाला. त्यात अधिसूचित क्षेत्रांत शेती व उद्योगांसाठी ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध, विहिरींची आणि बोअर यंत्रांची नोंदणी, पाणलोटनिहाय समित्या, उपलब्ध भूजलानुसार पिकांचे नियोजन, अशा तरतुदी आहेत. पण बाराशे रुपयांचा पंप दुरुस्त करायलाही तालुक्याला जावे लागणाऱ्या माणसापर्यंत हा कायदा कितपत पोहोचला, हे कोणत्याही गावात विचारून पाहावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागणी केलेली आहे, आणि निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नियमित मोजली जाते. केंद्राच्या अटल भूजल योजनेतही नाशिक जिल्ह्याचा समावेश झाला आणि गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडावा असा तिचा आग्रह होता. म्हणजे मोजमाप आहे, कायदा आहे. त्यांची गाठ पेरणीच्या निर्णयाशी पडत नाही, एवढेच.

ती गाठ पडू शकते, याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. मोसम, आरम, गिरणा, पांझरा या नद्यांच्या काठी बागलाणपासून धुळ्यापर्यंत शतकानुशतके फड पद्धत चालली. बंधाऱ्यावरून पाट निघे, लाभक्षेत्राचे फड पाडलेले असत, एका फडात एकच पीक, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे हे सगळे मिळून ठरवत. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विभागलेल्या असल्यामुळे टंचाईचा वाटा सगळ्यांवर येई. पाटकरी, जागल्या, हवालदार ही माणसे पाण्याची राखण करत आणि त्यांचा मेहनताना गावच देत असे. फडात बंधाऱ्यातले पाणी सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होते. खडकातले दिसत नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी झाकू इच्छित नाही. शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तोही ओलांडून दाखवला: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि पावसाच्या मापावर रब्बीची पिके ठरवायची, हा निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतला. ‘तिथे नेतृत्व होते, आमच्याकडे नाही’ असे म्हणून हा विषय टाळला जातो. नेतृत्व महत्त्वाचे खरे, पण ताळेबंदाचा कागद समोर नसेल तर चांगल्या सरपंचालाही कोणाला काही सांगता येत नाही.

नाशिक शहरानेही स्वतःला यातून वेगळे समजू नये. गोदाकाठच्या कुंडांना खडकातल्या झऱ्यांचे पाणी होते, आणि त्यातल्या काही कुंडांच्या तळाशी आपणच काँक्रीट ओतले. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडलेले सगळ्यांनी पाहिले. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांची, रस्त्यांची कामे होत असताना पात्रात आणि काठावर आणखी किती जमीन झाकली जाणार आहे, हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे.

मागणी करायची तर ती लहान आणि नेमकी असावी. ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरीची पातळी मोजली जाते तेव्हा ती त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिली जावी, आणि रब्बीच्या पेरणीआधीच्या ग्रामसभेत तिच्यावरून किती पाणी खडकात आहे, पिण्यासाठी आधी किती बाजूला काढायचे आणि उरलेल्यात काय पेरायचे, हे मांडले जावे. दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. बोअरची गाडी शेतात उभी राहते तेव्हा भोकातून वर येणारा भुसा आधी पिवळसर मुरमाचा असतो, मग काळा होतो, मग एकाएकी तांबडा, पुन्हा काळा. किती फुटांवर रंग बदलला आणि किती फुटांवर ओल लागली हे चालकाला तिथल्या तिथे दिसत असते. पैसे मोजून झाले की ही माहिती भुशाबरोबर बांधावर पडून राहते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. नोंदणीकृत बोअर यंत्राच्या मालकाने प्रत्येक भोकाचा हा थरवार उतारा ग्रामपंचायतीत दिल्याशिवाय त्याचे काम पूर्ण झाले असे मानू नये. जिल्ह्यात आजवर पडलेल्या असंख्य भोकांपैकी पुढच्या पाच वर्षांतल्यांचीच नोंद झाली, तरी एकेका शिवाराखाली गेरू कुठे आहे, मुरूम किती खोल आहे आणि आपली विहीर कोणाच्या विहिरीशी जोडलेली आहे, हे सातबाऱ्याशेजारी ठेवून वाचता येईल.